बापाकडून आलेलं

उल्हासनगर कॅम्प चारमध्ये माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर, एवढंच. राहायला आम्ही अंबरनाथ पश्चिमेला. नवरा तिथल्या एका केमिकल कंपनीत ऑफिसर. दुकान मात्र माझं एकटीचं, माझ्या हिमतीवर उभं केलेलं. बाई साडीचा पदर पुढे करून "याच्यावर कुठला जाईल?" असं विचारते, तेव्हा मी तिला ट्यूबलाइटखाली रंग दाखवत नाही. रस्त्यावर उन्हात नेते. खरा रंग तिथेच कळतो.

आजार पहिल्यांदा लक्षात आला तो परकरामुळे. नाडी पुरेना. चेहरा उतरलेला, दंड बारीक झालेले आणि पोट तेवढं पुढे. दोन घास खाल्ले की जेवण झाल्यासारखं वाटायचं. सारखी लघवीला लागायची. आमच्या गाळ्यांच्या मागे सगळ्यांत मिळून एकच संडास, त्यामुळे तेही चटकन लक्षात आलं. माझी पाळी जाऊन दोनेक वर्षं झाली होती, म्हणून प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. नवरा म्हणाला, वय झालं. वहिनी म्हणाली, गरम पाण्याबरोबर ओवा घे. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या, मग त्या बदलून दुसऱ्या दिल्या. परत गेले तेव्हा मी खुर्चीत बसलेच नाही.

"डॉक्टर, सोनोग्राफी लिहून द्या."

"गरज वाटली तर मी सांगेन ना, ताई."

"मला वाटतेय गरज. गॅस असता तर इतक्या दिवसांत कमी-जास्त झाला असता. हे नुसतं वाढतंय."

त्यांनी लिहून दिली. जराशा नाराजीनं, पण दिली.

सोनोग्राफी करणारी डॉक्टर आधी गप्पा मारत होती, मग तीच जागा पुन्हा पुन्हा बघायला लागली. दोन्ही अंडाशयांवर गाठी आणि पोटात पाणी. तो रिपोर्ट घेऊन आम्ही जवळच्याच एका सर्जनकडे गेलो. ते म्हणाले, लगेच ॲडमिट व्हा, गाठी काढून टाकू. नवरा तयार झाला. त्याला वाटत होतं, जे आहे ते एकदाचं बाहेर पडावं. मी विचारलं, "गाठ कॅन्सरची निघाली तर?"

"मग पुढचं पुढे बघू."

ते उत्तर मला पटलं नाही. पोट उघडल्यावर पुढचं बघायचं, हे मला उलटं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुकानात शेजारच्या लेस-जरीवालीला सांगितलं. ती सिंधी, माझ्याहून मोठी. बाजारात सगळे तिला दादी म्हणतात, सिंधीत मोठी बहीण, मीही. तिनं हातातलं लेसचं रीळ खाली ठेवलं. तिच्या नणंदेचं असंच घाईत ऑपरेशन झालं होतं आणि राहिलेलं काढायला परत पोट उघडावं लागलं होतं.

"पहले उसको दिखा जो यही काम करता है," दादी म्हणाली. "रोज का यही काम. समझी?"

म्हणून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथली सर्जन बाईच होती, फक्त बायकांच्या कॅन्सरची ऑपरेशनं करणारी. रक्त तपासलं, सीटी स्कॅन झाला, सुई घालून तुकडा काढला. रक्तातला सीए-१२५ खूप वाढलेला होता. त्यावर ती म्हणाली, नुसत्या या आकड्यावरून कॅन्सर ठरत नाही, तो दुसऱ्या कारणांनीही वाढतो. तुकड्याचा रिपोर्ट येऊ द्या. रिपोर्ट आला त्या दिवशी एक तरुण डॉक्टर दाराशी येऊन म्हणाला, "मिस्टरांना आत पाठवा. तुम्ही बसा इथे."

मी उठले आणि नवऱ्याच्या आधी आत गेले. "पोट माझं आहे," एवढंच म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी समोरची खुर्ची दाखवली.

मग त्यांनी कागदावर चित्र काढून सगळं सांगितलं. अंडाशयाचा कॅन्सर, तिसरी स्टेज. आतड्यांवर चरबीचा एक पडदा असतो, त्याच्यावर साबुदाण्यासारखे दाणे पसरलेले. काही जणींचं आधी ऑपरेशन करतात आणि मग केमो. माझ्या पोटात इतकं पसरलं होतं की एका फटक्यात सगळं निघालं नसतं. म्हणून आधी तीन केमो देऊन ते आटवायचं, मग ऑपरेशन, मग उरलेल्या केमो. "एकही दाणा डोळ्यांना दिसता कामा नये, एवढं साफ करणं हे आमचं काम," त्या म्हणाल्या.

"मी बरी होईन?"

नवऱ्यानं माझा हात दाबला, म्हणजे विचारू नकोस. त्या सरळ माझ्याकडे बघून बोलल्या. "या स्टेजला पूर्ण बरं होणं थोड्या जणींच्या वाट्याला येतं. बऱ्याच जणींचा कॅन्सर आटोक्यात येतो आणि काही काळानं परत येतो. परत आला तरी औषधं असतात. तुमचं कसं होईल ते मला आज सांगता येणार नाही."

त्या दिवशी मला त्या बाईबद्दल जे वाटलं, ते घरच्या कुणाबद्दल वाटलं नव्हतं. बाकी सगळे मला काचेचं भांडं समजत होते.

केमो बदलापूरच्या एका डे-केअरमध्ये घेतल्या. मुंबईहून लिहून दिलेलं औषध तिथे लावायचे. सकाळी जाऊन बसायचं, सलाइन संपलं की घरी. तिसऱ्या दिवसापासून अंग मोडून यायचं, तोंडाला धातूची चव. पायाच्या बोटांना मुंग्या यायच्या, त्या अजूनही आहेत. ताप आला तर वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल, हे मला आणि नवऱ्याला बजावून सांगितलं होतं. अंगात बळ असायचं त्या दिवसांत मी दुकान उघडायचे.

केस गेले. नवऱ्यानं मोठ्या मायेनं एक विग आणला. ऐन मे महिन्यात, कॅम्प चारमधल्या पत्र्याच्या छताखाली तो घालून बसले तर डोकं उकडून निघालं. मी तो काढला आणि दुकानातल्या प्लास्टिकच्या पुतळ्याला घातला. पुतळा आधी टकला होता, आता मी टकली. त्या महिन्यात पुतळ्याच्या अंगावर लावलेला ब्लाउजपीस तीनदा विकला गेला.

"लोक काय म्हणतील," असं नवरा एकदाच म्हणाला. लोक म्हणालेही. एक जुनी गिऱ्हाईक माझ्या हातातला कापडाचा तागा घेईना. हळू आवाजात तिनं विचारलं, "हे लागतं का हो?"

"कच्चा रंग लागतो," मी म्हणाले. "हे नाही लागत."

ती हसली नाही. पण कापड घेऊन गेली आणि परतही आली.

ऑपरेशनच्या दिवसाचं मला काही आठवत नाही. जाग आल्यावर पोटावर बेंबीच्या वरपासून खालपर्यंत टाके होते आणि डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, दिसत होतं ते सगळं निघालं. उरलेल्या केमो संपल्या तेव्हा मला वाटलं, माझी गोष्ट आता इथवर. पण खरी भानगड तिथून पुढे होती.

हॉस्पिटलात त्यांनी माझ्या रक्ताची आणखी एक तपासणी केली होती, जीनची. हा कॅन्सर झालेल्या प्रत्येकीनं ती करावी, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी एक समुपदेशक बाई होती. तिनं कागदावर आमचं घराणं मांडलं. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. आईकडचं विचारलं. आईकडे कुणाला काही नव्हतं. मग तिनं वडिलांकडचं विचारलं.

"वडिलांकडचं कशाला? हा तर बायकांचा आजार."

"तुम्ही अर्ध्या आईच्या आणि अर्ध्या वडिलांच्या. पुरुषाला अंडाशय नसतं, पण त्याच्याकडून पुढे येतं."

तेव्हा मला माझी आत्या आठवली, वडिलांची बहीण. नवरा गेल्यावर दोन मुली घेऊन ती आमच्या गावी, जांभूळला, घरी परत आली होती. मी शाळेत होते. तिचं पोट वाढायला लागलं. विधवा बाईचं पोट वाढलं म्हटल्यावर गावानं काय समजायचं ते समजून घेतलं. विहिरीवर बायका तिला बघून बोलायच्या थांबायच्या. आजीनं तिला माजघरातून बाहेर येऊ देणं बंद केलं. महिने उलटले तरी मूल झालं नाही, तेव्हा लोक म्हणाले, पोटात पाणी झालंय. तोवर ती हाडांचा सापळा झाली होती. ती गेली आणि घरात तिचा विषय कायमचा बंद झाला.

मी हे सांगितलं तेव्हा समुपदेशक बाईनं आत्याच्या गोलात पेन्सिलीनं काळं भरलं. म्हणाली, "खात्रीनं नाही सांगता येणार. पण शक्यता मोठी आहे."

रिपोर्ट आला. माझ्या बीआरसीए नावाच्या जीनमध्ये दोष होता, जन्मापासूनचा. त्याचा मला एक फायदा होता: आजार लांब ठेवण्याच्या ज्या गोळ्या असतात, त्या माझ्यासारखीला जास्त लागू पडतात. दुसरं म्हणजे, माझ्या भावामध्ये तोच दोष असण्याची शक्यता निम्मी. त्याच्यात असेल तर त्याच्या मुलीमध्ये पुन्हा निम्मी. मला मूलबाळ नाही. भावाला एकच मुलगी, सव्वीस वर्षांची, ठाण्याला बँकेत नोकरीला. लहानपणी सुट्टीत माझ्या दुकानात बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची.

आणि तिचं लग्न ठरलं होतं.

मी दादाला फोन केला. त्यानं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "असलं फोनवर बोलू नको."

"मग येते घरी."

"लग्न होऊन जाऊ दे. मग सांग काय सांगायचं ते."

नवराही म्हणाला, थांब थोडं. पण मला ते काही केल्या पटेना. साखरपुड्याआधी सांगितलं तर तिला ठरवता येणार होतं; नंतर सांगितलं तर सगळे म्हणणार, माहीत असून लपवलं. मी बदलापूर स्टेशनवरून रिक्षा केली आणि पाणी शुद्ध करायच्या प्लांटवरून जांभूळला गेले. रविवार बघून गेले, ती घरी असावी म्हणून.

दादा ओटीवर होता. माझे केस तेव्हा बोटभर आले होते, सगळे पांढरे. त्यानं माझ्या डोक्याकडे बघितलं आणि नजर वळवली. वहिनी पाणी घेऊन आली, पाठोपाठ भाची आली. मी पाणी प्यायले आणि बोलायला सुरुवात केली. दादा मधेच म्हणाला, "पोरीला आत जाऊ दे."

"तिलाच सांगायला आलेय."

"ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नाय."

"मी कुठं बाहेर नेतेय? घरातच सांगतेय."

"घरात सांगितलं की गावात जातंय."

"जाऊ दे मग. आत्याच्या वेळी गावात काय गेलं होतं, ते तुला आठवतंय ना? तू माझ्यापेक्षा मोठा होतास."

तो मग खालच्या आवाजात बोलला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "तुझं झालं ते झालं. माझ्या पोरीच्या डोक्यावर कशाला आणून ठेवतेस?"

"मी आणत नाही, दादा. असलं तर ती जन्मली तेव्हापासून आहे. नसलं तर सुटली. पण मला उशिरा कळलं, तसं तिला कळायला नको."

वहिनी पदर तोंडाला लावून उभी होती. भाचीनं खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली. "आत्या, मला नीट सांग. पहिल्यापासून."

मी सांगितलं. दादा उठून शेताकडे गेला. त्या दिवशी चहा झाला नाही. आमच्या घरातून बिनचहाची मी पहिल्यांदाच निघाले. भाचीनं स्कूटी काढली आणि मला स्टेशनला सोडलं. मी उतरल्यावर ती म्हणाली, "मला त्या बाईंचा नंबर दे."

तपासणीला मी तिच्याबरोबर गेले. तिचाही रिपोर्ट तसाच आला. कॉरिडॉरमध्ये ती खूप रडली, मग डोळे पुसून म्हणाली, भूक लागलीय. डॉक्टरीणबाईंनी तिला जे सांगितलं ते मी नीट ऐकलं. दोष आहे म्हणजे आजार आहे असं नाही. स्तनांची तपासणी आतापासून दरवर्षी करायची, एमआरआय धरून. अंडाशयांचा कॅन्सर मात्र लवकर पकडेल अशी भरवशाची तपासणी आज नाही. त्यामुळे मुलं झाल्यावर, पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान, अंडाशयं आणि नळ्या काढून टाकायचा विचार करायचा. तोवर काय करायचं, गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्या का, हे सगळं बोलून ठरवता येतं. "घाई नाही," त्या म्हणाल्या, "तुमच्या हातात वेळ आहे. तुमच्या आत्याच्या हातात नव्हता."

भाचीनं लग्न ठरलेल्या मुलाला स्वतः सांगितलं. मुलगा चांगला होता, मी त्याला वाईट म्हणणार नाही. तो म्हणाला, मला काही अडचण नाही, फक्त माझ्या आईला कधी कळता कामा नये. भाचीनं आठवडाभर विचार केला. मग माझ्या दुकानात आली, स्टुलावर बसली आणि एक फॉल उलगडून परत गुंडाळत राहिली.

"आत्या, मी दरवर्षी एमआरआयला जाणार. तेव्हा त्याच्या आईला काय सांगू? पार्लरला जातेय?"

"तू काय ठरवलंस?"

"नाही म्हणाले त्याला."

त्या दिवशी दादाचा फोन आला. "झालं तुझं समाधान?"

"तिनं मोडलंय. तिलाच विचार का मोडलं ते."

त्यानं फोन ठेवला. त्यानंतर राखीला तो आला नाही, भाऊबीजेला आला नाही. मला वाईट वाटलं, पण चुकल्यासारखं वाटलं नाही. नातेवाइकांत माझं नाव झालं: हिनं भावाच्या पोरीचं लग्न मोडलं. एका बारशाला एक मावशी माझ्या तोंडावर म्हणाली. मी म्हटलं, "हो. आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन." ती ताट घेऊन दुसरीकडे जाऊन बसली.

थंडी संपत आलेली, दुपारची वेळ. दुकानात कुणी नव्हतं आणि दादा समोर उभा. माझ्या दुकानात तो उद्घाटनानंतर आलाच नव्हता. स्टुलावर बसला, परकरांच्या ढिगाकडे बघत. मी दादीला सांगून चहा मागवला.

"तिच्यात आहे म्हणजे माझ्यात असणारच, असं ती डॉक्टरीण म्हणते," तो म्हणाला.

"हो. वहिनीच्या बाजूनं आलेलं नसेल तर तुझ्याकडूनच. पुरुषांनाही त्याचा त्रास होऊ शकतो, तूसुद्धा तपासून घे."

"माझं सोड. मी दिलं पोरीला."

"तुला बाबांनी दिलं. त्यांना कोणी दिलं देव जाणे. जमिनीची वाटणी माणूस करतो, दादा. ही वाटणी कोणी केलेली नाही."

त्यानं चहा संपवून ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "आत्याच्या पोरींना सांगितलंस?"

"नाही अजून. तेवढं अंगात बळ नव्हतं."

"मी मोटरसायकल आणलीय."

आत्याच्या दोन्ही मुली आता पन्नाशीच्या आहेत, दोघी बदलापूरला. थोरलीनं आम्हाला बसवलं, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई माजघरात पडून होती तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

दादा म्हणाला, "इथंच होतो, ताई. लोक बोलत होते आणि आम्ही ऐकत होतो. तिला आजार होता, दुसरं काही नव्हतं. ते तुला सांगायचं राहिलं होतं."

थोरली आत निघून गेली. आम्हाला वाटलं, आता उठावं. तेवढ्यात ती चष्मा लावून, पेन घेऊन बाहेर आली. "नाव सांगा त्या डॉक्टरीणबाईचं." धाकटीनं मात्र दार उघडून आमचं बोलणं उभ्यानंच ऐकलं आणि म्हणाली, मला काही होत नाही. तिला परत सांगायचं काम दादानं स्वतःकडे घेतलंय. भाचीला नवी स्थळं येतात. पहिल्याच भेटीत ती सगळं सांगून टाकते. दोन स्थळं त्यामुळे गेली. तिसऱ्याचं अजून कळलेलं नाही. ती म्हणते, बरं आहे, वेळ वाचतो.

माझा आजार यंदा परत आला. बराच काळ लांब राहिला आणि मग स्कॅनमध्ये दिसला. लोक म्हणतात, एवढं सगळं केलंस, काय उपयोग झाला. मी त्यांना सांगते, मधली वर्षं मी दुकान चालवलं, हा उपयोग. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सगळं मांडून सांगितलं: मधे बराच काळ गेला असल्यामुळे पहिलंच औषध परत लागू पडण्याची आशा आहे, नाही पडलं तर दुसरी आहेत, आणि एखाद्या टप्प्यावर मी "आता पुरे" म्हणाले तर तोही एक निर्णयच, तेव्हाही त्या मला सोडणार नाहीत. दुखणं आणि उलट्या सांभाळायला आणखी एक डॉक्टर पहिल्या दिवसापासून जोडून दिलाय. नवऱ्याला वाटलं, तो शेवटच्या दिवसांसाठी असतो. तसं नसतं, ते मी त्याला समजावून सांगितलं.

मी केमो घ्यायचं ठरवलंय. कधी थांबायचं तेही मीच ठरवणार आहे, आणि हे घरात सगळ्यांसमोर सांगून झालंय. दोन केमो झाल्या. केस गेले आहेत. लग्नसराई तोंडावर आहे, म्हणून अंगात बळ कमी असलं तरी हल्ली दुकान मी दुपारी चार वाजता उघडते आणि आठपर्यंत बसते. मंगळवारी तिसरी केमो.